कोनाचं खाऊन राह्यली?

मालक वारल्याची बातमी मला शाळेत कळली. सांगणाऱ्याला वाटलं असावं की मी पदर डोळ्यांना लावीन. मी पोरांचे पाढे पुढे चालू ठेवले. मला वाईट वाटलं नव्हतं. पुढे त्यांच्या संस्थेतले दोन सभ्य गृहस्थ घरी आले. मालकांच्या स्मरणार्थ एक पुस्तिका निघणार होती आणि त्यांनी शिकवलेल्या मुलामुलींकडून कृतज्ञतेचे दोन शब्द हवे होते. मी त्यांना चहा दिला आणि लिहिते म्हणून सांगितलं. लिहायला बसले तेव्हा जे आलं ते हे आहे. हे त्यांच्या पुस्तिकेत छापलं जाणार नाही, हे पहिल्या ओळीलाच मला ठाऊक होतं.

कुरखेड्यात राइस मिल त्यांची होती, तेंदूपत्त्याचे ठेके त्यांचे होते. नाव गोविंदराव, पण सगळा तालुका त्यांना मालक म्हणायचा. बुटके, रुंद खांद्यांचे, अंगात पांढरास्वच्छ कुडता. खिशात दोन रुमाल असत. एक घाम पुसायचा, दुसरा फक्त उजव्या हाताची बोटं पुसायचा. त्या दुसऱ्या रुमालाला ते दुसरं काही शिवू देत नसत. नखं बारीक कापलेली, बोटं जाडजूड. माणसाचा चेहरा विसरला तरी काही वेळा हात विसरत नाही, आणि हा हात तर मी शिक्षण संपेपर्यंत माझ्या ताटात पाहिलेला आहे.

दरवर्षी जूनच्या आधी ते जीप घेऊन आतल्या गावांत फिरायचे आणि शाळेतून पोरं वेचायचे. गरिबाची, हुशार, आणि ज्यांच्या गावाला चौथीपुढे शाळा नाही अशी. वेचणं हा त्यांचाच शब्द. मोहफुलं वेचतात तशी ते आम्हाला वेचत. आमच्या चिचटोल्याला आले तेव्हा गुरुजींच्या खुर्चीवर बसले, डोळे मिटले आणि एकेकाला धडा वाचायला लावला. ते स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. कोणी अडखळलं की हात हलवून खाली बसवायचे. मी न थांबता वाचत गेले, तर त्यांनी धडा संपला तरी पुढचा वाच म्हणून सांगितलं. मग डोळे उघडून माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, मधोमध उघडलं आणि नाकाला लावून त्याचा वास घेतला. ही त्यांची सवय होती. कोणतंही पुस्तक हाती आलं की आधी वास घ्यायचे. त्यांच्यातली एवढी एकच गोष्ट मला आवडायची. ती त्यांनी चारचौघांत कधी मिरवली नाही, म्हणूनच आवडली असेल.

बाकी सगळं मिरवायचं असे. आम्हा पोरांचे कपडे ते एकाच ताग्यातून शिवून घेत. वांग्याच्या रंगाचा तागा. मुलांचे सदरे त्याचे, मुलींचे झगे त्याचे, आणि ताग्याचं उरलं त्याच्या पिशव्या. शाळेचा गणवेश पांढरा-निळा होता, पण दोन वर्गांवर पत्रे मालकांनी घालून दिलेले, तेव्हा हेडमास्तर आमच्या रंगाकडे काणाडोळा करायचे. आठवडी बाजारात आम्ही दिसलो की भाजीवाल्या बाया एकमेकींना म्हणायच्या, मालकाचे पोट्टे चालले. आमची नावं त्यांना ठाऊक नव्हती, आणि रंगामुळे नावांची गरजही पडत नव्हती.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला सांगितलं होतं, मले बाबा म्हनत जा. सुट्टीत घरी गेल्यावर मी हे माझ्या वडिलांना सांगितलं. वडील मजुरीहून आलेले, पाय धूत होते. त्यांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहिलं. आमच्या घरात ती तसबीर देवाच्या जागी होती, कारण देव आजोबांनीच नागपूरहून परतल्यावर नदीत सोडून दिले होते.

"आपल्या घरात बाबा एकच," ते म्हणाले. "त्याले मालक म्हन. तो मालकच आहे."

मी मालकच म्हणत राहिले. बाकीची पोरं बाबा म्हणायची. मालकांनी हे हेरलं होतं, पण माझं वाचन त्यांना आवडायचं. रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं होतं, त्यामुळे ते गप्प बसले असावेत.

आम्ही राहायचो ते मिलच्या मागच्या लांबलचक खोलीत. दिवसभर मिलचा खडखडाट आणि हवेत कोंडा. अंथरुणात कोंडा, वहीत कोंडा. स्वयंपाकाला सगुणाबाई नावाची विधवा होती, तोंडाची फटकळ आणि हाताची मोकळी. संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो की मालक मिलमधून थेट यायचे, भुवयांवर पांढरी धूळ घेऊन. दारात उभं राहून कोणातरी एकाकडे बोट करायचे.

"कोनाचं खाऊन राह्यली?"

"तुमचं, बाबा," असं म्हणायचं. मी "तुमचं, मालक" म्हणायची. मग ते मान हलवायचे आणि निघून जायचे. हे रोज. कधी पाहुणे सोबत असले की त्यांच्यासमोर. सगुणाबाई चुलीपाशी तोंडातल्या तोंडात पुटपुटायची की रांधून मी राह्यली आन् खाऊ घालून हा राह्यला. आम्ही हसू दाबत जेवायचो.

जैनी आली ती मी सातवीत असताना, माझ्याच वर्गात. नदीपलीकडून, पार आतल्या गोंडांच्या गावातून. उंच, काळी, केस घट्ट बांधलेले, आणि बोलायची इतकी कमी की सुरुवातीला मास्तरांना ती मुकी वाटली. तिचं मराठी शाळेत शिकलेलं होतं, आणि प्रश्न विचारला की ती प्रश्नाचंच उत्तर द्यायची. आल्याच्या पहिल्या आठवड्यात मालकांनी दारातून तिच्याकडे बोट केलं. कोनाचं खाऊन राह्यली? जैनीनं ताटाकडे पाहिलं, विचार केला.

"भात मिलचा," ती म्हणाली. "भाजी सगुणाबाईनं तोडली, मागच्या वाडीतून. सकाळी घरून आणलेल्या पिठाची आंबिल खाल्ली होती."

सगुणाबाई पदर तोंडात कोंबून बाहेर गेली.  मालकांना कळेना की पोरगी थट्टा करते आहे की खरंच सांगते आहे. शेवटी त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि माझ्याकडून बरोबर उत्तर वदवून घेतलं. त्या रात्री मी जैनीला समजावलं की इथे काय म्हणायचं असतं. तिनं ऐकून घेतलं. पुढे ती म्हणायचीही. पण म्हणायच्या आधी ती दर वेळी जरा थांबायची, आणि मालकांना ते थांबणं कानाला लागायचं.

मी त्यांच्याविषयी वाईटच लिहिते आहे, म्हणून तापाची गोष्टही लिहायला हवी. नववीत मला हिवताप डोक्यात चढला. कुरखेड्याच्या डॉक्टरनं हात वर केले. मालकांनी ड्रायव्हरची वाट न पाहता स्वतः जीप काढली, मला मागे आडवी घातली, डोकं सांभाळायला जैनीला बसवलं आणि गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. रस्ता नावालाच होता. सगळा वेळ ते मला शिव्या घालत होते. मेली तर पाह्य, एवढं शिकवलं ते कोन भरून देईन, असं म्हणत होते आणि जीप हाणत होते. दवाखान्यात ते बाहेर बाकावर बसून राहिले. मी त्यांच्यामुळे जगले, यात शंका नाही.

त्यानंतर ती गोष्ट त्यांनी प्रत्येक पाहुण्याला सांगितली. मला बोलावून शेजारी उभं करायचे आणि सांगायचे. तहसीलदाराला, फॉरेस्टच्या साहेबाला, वडशाहून आलेल्या व्यापाऱ्याला. सांगता सांगता माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. गोष्टीत जैनी कुठेच नसे. माझ्या तोंडात ओल्या फडक्यानं पाणी पिळत ती बसली होती, हे मला आठवत होतं, पण गोष्ट त्यांची होती. जीव वाचवणाऱ्याचा राग येणं ही फार अडचणीची गोष्ट आहे. कोणाला सांगता येत नाही. मला तो राग तेव्हा आला आणि तो गेला नाही.

आता त्या हाताविषयी. मालक जातपात मानत नसत आणि हे सगळ्यांनी पाहावं अशी त्यांची इच्छा असे. त्यासाठी त्यांनी एक रीत काढली होती. आईच्या पुण्यतिथीला, आश्विनात, मिलच्या धान वाळवायच्या अंगणात पंगत बसायची. एका बाजूला मोठे पाहुणे, एका बाजूला आम्ही. वाढून झालं की मालक आमच्या रांगेत यायचे आणि वाकून प्रत्येक पोराच्या पत्रावळीतून एक घास उचलून स्वतःच्या तोंडात घालायचे. महाराचं पोरगं असो, गोंडाचं असो. घास चावत पाहुण्यांकडे वळायचे.

"पाहून घ्या साहेब. याहीले म्या मानसात आनलं."

मग दुसरा रुमाल काढून बोटं पुसायचे आणि पुढच्या पत्रावळीवर वाकायचे. वडशाचा फोटोवाला फोटो काढायचा. पाहुण्यांचे डोळे भरून यायचे. माझ्या आजोबांच्या हातचं पाणी गावानं घेतलं नव्हतं, तेव्हा माझ्या पानातला घास कोणी उचलून खाल्ला तर मलाही भरून यायला हवं होतं. पण मला विचारून कोणी खाल्ला नव्हता. आणि दर वेळी पुसली जाणारी ती बोटं मला दिसत होती.

ही रीत कुठून आली ते एकदा सगुणाबाईनं सांगितलं. मालक लहान असताना त्यांचे वडील एका मोठ्या घरी सालगडी होते. त्या घरच्या लग्नात पोरगं हौसेनं पंगतीत जाऊन बसलं. घास तोंडाशी गेला होता, तेवढ्यात कोणीतरी मनगट धरून उठवलं आणि सालगड्यांची पंगत मागून आहे म्हणून सांगितलं. हातातला घास तिथेच पडला. सगुणाबाई म्हणाली, "तवापासून याले दुसऱ्याच्या ताटातला घास पायजे." हे ऐकून मला त्यांची दया यायला हवी होती. मला आली ती त्या लहान पोराची. मालकांची आली नाही.

जैनी दहावी झाली. त्यांच्या गावातून दहावी होणारी ती पहिलीच. तिला नर्स व्हायचं होतं. हे तिनं कोणाकडून ऐकून ठरवलेलं नव्हतं. त्यांच्या गावी दवाखान्याची बाई यायची ती नदी उतरली की, आणि त्या बाईला गोंडी येत नसे. दुखणेकरी एक सांगायचा, बाई भलतंच समजायची आणि हाती लागतील त्या गोळ्या देऊन जायची. जैनी म्हणायची, गोंडीत विचारणारी बाई पाहिजे, बाकीचं औषधं करतील. चंद्रपूरला नर्सेसच्या शाळेत तिचं नाव लागलं होतं. दिवाळीनंतर जायचं होतं. राहण्याजेवणाचा भार मालक उचलणार आणि ते पुण्यतिथीच्या पंगतीत जाहीर करणार, असं ठरलं होतं. जैनीनं आपली ट्रंकही भरून ठेवली होती. तिच्या आयुष्यात दुसरी वाट नव्हती. वडिलांकडे नदीकाठचा धानाचा एक तुकडा होता आणि जंगल होतं.

त्या वर्षी मालकांच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, हलका धान लवकर आला. त्यांना फार आनंद झाला होता. तालुक्यात सगळ्यांच्या आधी नवा तांदूळ आपल्या पंगतीत वाढायचा, म्हणून त्यांनी तो घाईनं कांडून घेतला. त्याचा भात आणि त्याचीच खीर. मिलच्या अंगणात वास दरवळत होता.

गोंडांच्या गावात नव्या धानाचा एक नेम असतो, त्याला ते नवं करणं म्हणतात. गावचा पुजारी दिवस ठरवतो. त्या दिवशी नवं धान आधी देवाला आणि मेलेल्या वाडवडिलांना दाखवतात, मग सगळं गाव एकदम खातं. तोवर नवा दाणा तोंडात घालायचा नाही. गावात असा किंवा परगावी असा. पूर्वजांच्या आधी जेवणं हा फार मोठा उद्धटपणा आहे, असं ते मानतात. जैनीच्या गावचं नवं अजून व्हायचं होतं. ती माझ्या शेजारी बसली होती. पुरी खाल्ली, भाजी खाल्ली, आणि भात व खीर तशीच ठेवली. मी खीर खाल्ली. माझ्या घरी असा नेम नव्हता.

मालक रांगेनं वाकत आले. जैनीपाशी आल्यावर त्यांनी पाहुण्यांना हाक मारली आणि ही पोरगी नर्स होणार, हिला मी चंद्रपूरला धाडून राह्यलो, असं सांगितलं. टाळ्या झाल्या. दिवस तिचा होता, म्हणून त्यांनी त्या दिवशी रीत जरा वाढवली. तिच्या द्रोणातली खीर बोटांवर घेतली, पण स्वतः खाल्ली नाही. तिच्या तोंडापुढे धरली. फोटोवाला पुढे सरसावला.

जैनीनं तोंड बाजूला केलं आणि मनगटाची मागची बाजू ओठांवर धरली.

"आमच्या गावचं नवं झालं नाई, मालक," ती हळूच म्हणाली.

पाहुण्यांना ऐकू गेलं नसेल. त्यांना दिसलं ते एवढंच की गोंडाच्या पोरीनं मालकांच्या हातचा घास नाकारला. कोणीतरी हसलं. खीर मालकांच्या बोटांवरून पत्रावळीत ओघळली. त्यांचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. रागाच्या आधी त्यावर जे आलं होतं ते सगुणाबाईच्या गोष्टीतलं होतं. ते क्षणभरच राहिलं.

"काऊन? माहा हात बाटला आहे का?"

जैनीनं नाही म्हणून मान हलवली. ती परत तेच म्हणाली, गावचं नवं झालं नाही, चार दिवसांनी होईल, मग खाईन. हेडमास्तर धावत आले आणि तिच्या कानाशी लागले की एक शीत तोंडात टाक, बाहेर जाऊन थुंक, पण टाक. सगुणाबाई दुरून हात जोडत होती. मी तिच्या मांडीला हात लावला. जैनी आमच्याकडे अशी पाहत होती जणू आम्हीच काही साधी गोष्ट समजून घेत नव्हतो.

मालकांनी रुमाल काढला. बोटं एकेक करून पुसली.

"ऊठ," ते म्हणाले.

भरल्या पंगतीतून जैनी उठली. ती संध्याकाळपर्यंत थांबली, झगा बदलून घरचं लुगडं नेसली, वांग्याच्या रंगाचे कपडे घडी करून सगुणाबाईला दिले आणि ट्रंक डोक्यावर घेऊन निघाली. मी मिलच्या फाटकापर्यंत गेले. ती रडत नव्हती, कारण तिला वाटत होतं की हे चार दिवसांचं आहे. नवं झालं की येतो, असं ती मला म्हणाली.

आणि ती खरंच आली. बापाला घेऊन आली. गावचं नवं झालं होतं, आणि त्यांच्या शेतातला नवा तांदूळ त्या दोघांनी पानांच्या टोपलीत बांधून आणला होता. देवाला आणि वाडवडिलांना दाखवल्यावर घरातला जो मोठा माणूस असेल त्याला पहिला वाटा देतात म्हणे. तो त्यांनी मालकांसाठी आणला होता. यापेक्षा मोठा मान त्यांच्याकडे नव्हता. मी मालकांना पेपर वाचून दाखवत होते, म्हणून हे मी पाहिलं. जैनीच्या बापानं टोपली दोन्ही हातांनी पुढे धरली आणि हसून सांगितलं, "आता झालं मालक. आता पोरगी तुमच्या घरचं पाहिजे तेवढं खाईन. तुमी हे खा."

बाप-लेकीला खात्री होती की तंटा मिटला. मुळात तंटा आहे असंच त्यांना वाटत नव्हतं.

मालकांनी टोपलीकडे पाहिलं नाही. माझ्या हातातल्या पेपरकडे पाहत राहिले.

"मले कोनाचं नको," ते म्हणाले. "कोंबड्याहीले टाका."

कोणीही हललं नाही, तेव्हा त्यांनी मिलच्या हमालाला हाक मारली. त्यानं टोपली घेतली आणि अंगणात उधळली. कोंबड्या धावल्या. जैनीचा बाप तसाच हात पुढे धरून उभा होता. वर्षानुवर्षं आमच्या पानातून न विचारता घास उचलणारा माणूस, आणि त्याला एकदाच कोणी स्वतःहून जेवू घालायला आलं होतं. जैनीनं बापाचे हात खाली केले. मालक मला म्हणाले, वाच पुढे. मी वाचलं. काय वाचलं ते मला आठवत नाही.

चंद्रपूरची जागा गेली. सगुणाबाईनं मालकांजवळ विषय काढून पाहिला, तर ते म्हणाले की त्याच पाहुण्यांसमोर येऊन माझ्या हातचा घास खाईल तर धाडतो. जैनीला निरोप गेला. तिनं कळवलं की घास खायला माझी ना नाही, पण आमच्या वाडवडिलांचा वाटा कोंबड्यांना टाकला, तिथे मला येता येत नाही. मी तिथेच राहिले. मला शिकायचं होतं, आणि वडील म्हणाले, त्याच्यासाठी नाई, तुह्यासाठी शिक. वांग्याचा रंग अंगावर घेऊन मी बारावी झाले, गुरुजींचा कोर्स केला. रोज संध्याकाळी "तुमचं, मालक" म्हणत राहिले. आजही कोणी घरी जेवायला बोलावलं तर पहिल्या घासाआधी मी दाराकडे पाहते.

नोकरी लागली तेव्हा मी जैनीचं गाव मागून घेतलं. ते गाव दुसऱ्या कोणाला नकोच होतं, त्यामुळे लगेच मिळालं. जैनीचं तिथेच लग्न झालं होतं. ती बांधीत राबायची, उन्हाळ्यात मालकांच्याच फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात त्या जागी, तेंदूची पानं द्यायची. दवाखान्याची बाई अजूनही नदी उतरली की यायची. ती आली की लोक जैनीला बोलावून आणत. जैनी गोंडीत विचारायची, मराठीत बाईला सांगायची. हे सगळं ती फुकट करायची आणि बाई तिला जरा मागे सरकून उभी राहायला सांगायची.

मालकांना मी शेवटचं पाहिलं ते याच गावात. दिवाळी होऊन गेली होती. उन्हाळ्यात फिरणं आता झेपत नसे, म्हणून ते पोरं वेचायला आधीच आले होते. फार वाळले होते, काठी लागली होती, आणि जीप नाल्यात रुतली होती. ड्रायव्हर बैल आणायला गेला. मालक माझ्या शाळेच्या ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, पोट्टे बोलाव, वाचायला लाव. मी मुलांना बोलावलं. त्यांच्या आया दारांतून पाहत होत्या. मग एकेक आई येऊन आपलं लेकरू हाताला धरून घेऊन गेली. भांडण नाही, बोलणं नाही. ओटा रिकामा झाला. जैनी गेली त्यानंतर या गावातून एकही पोर मालकांकडे गेलं नव्हतं. हे त्यांना माहीत नसावं, किंवा ते विसरले असावेत.

दुपार कलली. बैलांचा पत्ता नव्हता. मालक भुकेनं कासावीस झाले होते. मी त्यांना जेवायला विचारलं नाही, हे मी अगदी ठरवून केलं. जैनीच्या घरून ओटा दिसायचा. ती कासंडीत पाणी आणि ताटात भात घेऊन आली. नवा भात, वर वरण. त्यांच्यापुढे ठेवलं आणि खांबाला टेकून उभी राहिली. मालकांनी तिला ओळखलं नाही. घास मोठे होते. पुष्कळ दिवसांत कोणाला इतकं मनापासून जेवताना मी पाहिलं नव्हतं.

जैनी त्यांच्याकडे पाहत होती. मग तिनं विचारलं, "कोनाचं खाऊन राह्यले, मालक?"

तिच्या आवाजात मला राग ऐकू आला नाही. जेवणाऱ्याला हे विचारायचं असतं असं ती आमच्याकडेच शिकली होती, आणि तिनं ते विचारलं.

मालकांचं चावणं थांबलं. त्यांनी मान वर केली आणि तिला पाहिलं. या वेळी ओळखलं. ताटातल्या भाताकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. तोंडातला घास गिळायलाच त्यांना वेळ लागला.  ते काठी टेकून उठले. उजवा हात तसाच खरकटा होता. रुमाल त्यांनी काढला नाही. नाल्याकडे, रुतलेल्या जीपकडे ते उन्हातून हळूहळू चालत गेले आणि आत जाऊन बसले.

जैनी ताटाशी खाली बसली. भात अर्धा उरला होता. कोंबड्या जवळ आल्या, तिनं त्यांना हाकललं आणि ताटावर पदर धरला.

"उपाशी उठला मानूस," ती म्हणाली. "म्या जेवन झाल्यावर इचारायला पायजे होतं."

तिला खरंच वाईट वाटलं होतं. मला नाही वाटलं. अजूनही वाटत नाही.